एक जूनची माणसं

ॲन आर्बर, मिशिगन
६ नोव्हेंबर २००४

ती. स्व. एकनाथकाका,

शिकामू!

घाबरू नका, शिवी नाही. टांझानियात वडीलधारं माणूस दिसलं की असं म्हणतात. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा अर्थ मला तिथे सांगितला गेला. म्हणजे आपला शिरसाष्टांग नमस्कारच, फक्त वाकावं लागत नाही. समोरच्या मोठ्यानं ‘मरहबा’ म्हणायचं असतं. पुढच्या पत्राची सुरुवात तुम्ही तशी केलीत तर मला बरं वाटेल, कारण सध्या मला आशीर्वादांची फार गरज आहे.

तुम्ही विचारलंत, मिशिगनमध्ये बसून आफ्रिकेतली माणसं मोजण्याला काय म्हणतात? आमच्याकडे पीएच.डी. म्हणतात. तुमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणत असणार. पण यंदाचा अख्खा उन्हाळा मी उंटावरून उतरले होते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्वांझा नावाचं शहर आहे, तिथे होते. त्या देशाची वस्ती पंचवीसेक वर्षांत दुप्पट होते आहे. खेड्यांतली तरणी माणसं शहरात येतात आणि पगाराची नोकरी फारच थोड्यांना मिळते. बाकीचे काय करतात? तोच माझा विषय. कुणी पदपथावर केळी विकतं, कुणी सायकलवर माणसं वाहतं. आमच्या वस्तीतल्या बायका डगा वाळवतात. डगा म्हणजे बोटाएवढी चांदीसारखी मासळी, आपल्या सुकटीची बहीणच. खडकांवर पसरलेली असते, आणि वास असा की मला तुमच्या गावाची आठवण येऊन रडू आलं.

या बायकांची लग्नं कितव्या वर्षी झाली, मुलं कधी झाली, हातात स्वतःची कमाई आली की मुलांची संख्या बदलते का, हे आम्ही विचारत होतो. विचारणारी मुख्य बाई नीमा. तीही रोजंदारीवरच. सर्व्हे असला की घरोघर फिरून मुलाखती घेते, नसला की आईबरोबर डगा विकते. ती ‘तुम्ही काम करता का’ असं कधीच विचारत नाही. तसं विचारलं की बाया ‘नाही’ म्हणतात. ती विचारते, ‘आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ मग बाया बोलायला लागतात.

आता दुखणं सांगते. या प्रोजेक्टची आकडेमोड वॉशिंग्टनमधली एक सल्लागार कंपनी करते. त्यांनी नीमाची सगळी वस्ती बाद केली आहे. कारण तिथल्या जवळजवळ निम्म्या बायकांची जन्मतारीख एकच निघाली, एकोणतीस जून. वर्षं वेगळी, दिवस तोच. कंपनी म्हणते, एवढ्या बायका एका दिवशी जन्मतील कशा? नीमानं झाडाखाली बसून मुलाखती मनानंच लिहिल्या म्हणे. खोट्या मुलाखती लिहिणारी म्हणून तिचं नाव यादीत गेलं, तर तिला पुन्हा कुठल्याच सर्व्हेत काम मिळणार नाही.

आणि काका, खरं सांगू? मी तिच्याबरोबर थोड्याच घरी गेले होते. बाकीच्या घरांचं मला माहीत नाही. कॉम्प्युटरवरच्या आलेखात एकोणतीस जूनचा तो उंच खांब बघितला, आणि मलाही शंका आली. वाईट वाटलं, पण आली.

इथे पहिला बर्फ पडून गेला. बसची वाट बघताना नाक गळून पडेल की काय असं वाटतं. गिरीशदादा, शुभावहिनी आणि नैनाला माझी आठवण सांगा.

तुमची
वल्लरी

•

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१८ नोव्हेंबर २००४

चि. वल्लरी,

मरहबा. आशीर्वाद आधी देऊन टाकतो, कारण पुढे फक्त शिव्या आहेत.

तुला शंका आली! तुझ्या खापरपणजोबांपासून कुणाला आपली खरी जन्मतारीख ठाऊक नव्हती, आणि तुला शंका आली!

आम्ही म्हातारे थंडीत इथल्या मॉलमध्ये फिरायला जातो, हे तुला माहीत आहे. दोन फेऱ्या झाल्या की खाण्याच्या दुकानांसमोरच्या बाकांवर बसतो. मी श्रीवर्धनकडचा, अरुणराव नागपूरचे, अनिलभाऊ जालन्याचे, मीनाक्षीबाई कराडच्या, शिवाय आणखी दोघंतिघं. दरवर्षी एक जूनला आम्ही तिथे एकच केक कापतो. का? कारण आमच्यातल्या बहुतेकांचा वाढदिवस एक जूनला असतो! पहिल्या वर्षी केकवाल्या मुलीनं विचारलं, नाव कोणाचं घालू? मीनाक्षीबाई म्हणाल्या, ‘सगळ्यांचं घाल, जागा उरली तर तुझंही घाल.’ नैना मला विचारते, ‘आजोबा, हाउ कॅन एव्हरीबडी हॅव द सेम बर्थडे?’ तिला मी सांगितलं, कारण आम्हा सगळ्यांना मास्तरांनी जन्माला घातलं.

तुझा जन्म दवाखान्यातला, म्हणून तुला सांगावं लागतं. मी गावात मास्तर होतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आई पोराला हाताला धरून आणायची. मी विचारायचो, ‘जन्म कधीचा?’ ती म्हणायची, ‘होड्या वर ओढल्या होत्या तेव्हाचा,’ किंवा ‘याच्या बापाला ताप आला त्या सालचा.’ रजिस्टरात होड्या आणि ताप लिहायला रकाना नव्हता. तारीख नाही तर प्रवेश नाही. मी पोराचे दात बघायचो, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघायचो, आणि लिहायचो एक जून. अख्ख्या कोळीवाड्याची पोरं मी एक जूनला जन्माला घातली आहेत. त्यातला एक बोटीवर कप्तान आहे, एक तहसीलदार झाला. मला त्याची लाज नाही. आज शाळेत बसवलंत तर उद्याही लिहीन. न लिहिता ते पोर परत पाठवणं हे खोटं झालं असतं.

माझीही एक जूनच. आई सांगायची की मी नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यातला, होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. पण आमच्या मास्तरांनाही रकाना भरायचा होता.

म्हणजे मीही कुणीतरी झाडाखाली बसून लिहिलेला माणूस का? अनिलभाऊही? आम्ही रोज कॉफी पितो ती कोण पितं मग?

चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका म्हणावं. आणि तू आधी एक काम कर. त्या नीमेला फोन लाव. कंपनीनं आकडे बघितले, तू खांब बघितलास. तिला कुणी विचारलं का?

रागावलेला
एकनाथकाका

ता. क. नीमा हे नाव आपल्याकडचंच वाटतं. पोरगी लबाड असेल असं मला वाटत नाही. नावावरून ठरवतो आहे, पण तुमची कंपनी तारखेवरून ठरवते, त्यापेक्षा हे बरं.

•

ॲन आर्बर
९ जानेवारी २००५

ती. स्व. काका,

शिकामू. दोन्ही कान धरून.

फोन लावला. कार्डावरचे पैसे संपतील की काय इतका वेळ नीमा आधी नुसती हसत होती. मग हसायची थांबली आणि म्हणाली, ‘वल्लरी, तू मला हे उन्हाळ्यात विचारलं असतंस तर मी तुला त्या पाद्रीबाबांच्या होडीचं गाणंच म्हणून दाखवलं असतं.’

गोष्ट अशी आहे. या बाया शहरातल्या नाहीतच. सरोवरातल्या बेटांवरच्या आणि काठच्या गावांतल्या आहेत, कामासाठी म्वांझाला आल्या. त्यांच्या लहानपणी एक पाद्री वर्षातून एकदाच होडीनं त्या गावांना यायचे, एका सणाला. सण एकोणतीस जूनचा. वर्षभरात जन्मलेल्या सगळ्या पोरांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी, आणि दाखल्यावर तारीख तीच. पुढे शाळेत, बाजाराच्या परवान्यावर, दवाखान्यात, सगळीकडे तो दाखला गेला. नीमाची स्वतःची तारीखही एकोणतीस जूनच आहे! कंपनीनं तिचाच अर्ज नीट वाचला असता तरी त्यांना कळलं असतं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘माफी राहू दे, माझं नाव सोडव.’

मग मी आमच्या प्रोफेसरांकडे गेले. ते वाईट नाहीत, पण त्यांना भांडण आवडत नाही. म्हणाले, ‘चार्मिंग स्टोरी.’ ते तुमचा एक जूनही ऐकून हसले आणि म्हणाले, ‘वल्लरी, पण ही सांगोवांगी झाली. कंपनीला कागद लागतो.’ मार्चमध्ये कंपनीची माणसं इथे मीटिंगला येणार आहेत. तेव्हा वस्तीचा आणि नीमाचा निकाल लागेल. वस्ती बाद राहिली तर अहवालात काय छापून येईल माहीत आहे? या भागातल्या बहुतेक स्त्रिया काम करत नाहीत. कारण मुलाखती घेणारे इतर तपासनीस ‘काम करता का’ असंच विचारत फिरले. खडकावर वाळणारी ती सगळी मासळी आपोआप वाळते म्हणायची!

म्हणून मागणं. तुम्ही आणि बाकावरची मंडळी मला एक पत्र लिहून द्याल का? की आमची कागदावरची तारीख अशी पडली, आणि तरीही आम्ही आहोत. इंग्रजीत, सह्यांसकट, जमलं तर पासपोर्टच्या झेरॉक्ससकट. शिकलेल्या, पेन्शनर, अमेरिकेत राहणाऱ्या माणसांचा कागद बघितला की कंपनी गप्प बसेल. हे असं लिहायला मला लाज वाटते, पण तसंच होईल.

तुमची
वल्लरी

•

पिस्कॅटवे
२५ जानेवारी २००५

चि. वल्लरी,

मरहबा.

सोबत पत्र. इंग्रजी माझं, व्याकरण मीनाक्षीबाईंचं, आणि शेवटचं वाक्य अनिलभाऊंचं. ते मी गाळणार होतो, पण ते हट्टाला पेटले: ‘आमची तारीख खोटी असेल, आम्ही नाही, शंका असल्यास मॉलमध्ये येऊन हात लावून बघावे.’

सह्या सगळ्यांच्या आहेत, अरुणराव सोडून. ते म्हणाले, ‘सरकारी कागदावरची तारीख खोटी आहे असं आपल्याच सहीनं कशाला लिहून द्यायचं?’ मी त्यांना भित्रा म्हणालो, ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी चिवडा घेऊन आले. सही मात्र नाहीच. ज्याचं त्याच्यापाशी.

पहिली सही माझी आहे. खाली ‘निवृत्त मुख्याध्यापक’ असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे गुन्हेगारही मीच आणि साक्षीदारही मीच.

घरी सगळं ठीक. गिरीश जरा घुश्शात असतो, ऑफिसचं असेल. शुभाची शिफ्ट बदलली, त्यामुळे नैनाला आणि शेजारच्या तीन घरांतल्या पोरांना बसस्टॉपवरून मीच आणतो. बाकी मला काही काम नाही.

मीटिंगला जाशील तेव्हा आवाज बारीक करू नकोस.

एकनाथकाका

•

ॲन आर्बर
२ मार्च २००५

ती. स्व. काका,

शिकामू, शिकामू, शिकामू! बाकावरच्या प्रत्येकाला एकेक वाटा.

काल मीटिंग झाली. कंपनीची दोन माणसं होती, एक कोटवाला आणि एक लॅपटॉपवाली. कोटवाल्यानं भिंतीवर तो खांब दाखवला आणि म्हणाला, ‘हा फ्रॉडचा क्लासिक पॅटर्न आहे.’ मी उठले. आवाज बारीक केला नाही. म्हटलं, ‘मग माझ्याकडे न्यू जर्सीतले फ्रॉड आहेत,’ आणि तुमचं पत्र सगळं वाचलं. होड्या, ताप, डाव्या कानाला पोचणारा हात. झेरॉक्स टेबलावर ओळीनं मांडल्या. एक जून, एक जून, एक जून.

कोटवाला हसला. लॅपटॉपवाली हसली नाही. ती हळूच म्हणाली, ‘माझ्या आजीची पण अशीच आहे. ती केरळची.’ शेवटी आमच्या प्रोफेसरांनी झेरॉक्स उचलून बघितल्या. म्हणाले, वस्ती अहवालात राहील.

मला वाटलं, संपलं. पण कोटवाला म्हणाला, वस्ती ठेवू, तपासनीस मात्र ‘अंडर रिव्ह्यू’ राहील, तो आमचा नियम आहे. म्हणजे तिनं आणलेलं सगळं चालेल आणि तीच चालणार नाही! काका, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘नीमाचं नाव मोकळं केल्याचं लेखी येईपर्यंत माझं प्रकरण या अहवालाला मिळणार नाही. मी लिहिलंय, मी मागे घेते.’ प्रोफेसर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू बस चुकली. माझी पुढच्या वर्षीची स्कॉलरशिप त्यांच्याच सहीवर आहे. पण ‘माझं नाव सोडव’ एवढंच ती म्हणाली होती. तेवढंही मला सोडवता आलं नाही तर पीएच.डी. कसली करायची?

आता वाट बघते आहे. गिरीशदादाला दोनदा फोन केला, उचलला नाही. अजून घुश्शात आहे का? त्याला म्हणावं, नोकरीचं टेन्शन बहिणीवर काढू नये.

तुमची
वल्लरी

•

पिस्कॅटवे
४ एप्रिल २००५

प्रिय वल्लरी,

मी तुला कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे बघून दचकली असशील. बाबांना न सांगता लिहिते आहे.

गिरीश ऑफिसमुळे चिडलेला नव्हता. बाबांच्या सिटिझनशिपचा अर्ज गेल्या वर्षीच भरला होता आणि त्यांचा इंटरव्ह्यू मार्चअखेरीस होता. त्यांना सिटिझनशिप कशासाठी हवी, ते तुलाही ठाऊक आहे. ग्रीन कार्डावर फार दिवस बाहेर राहता येत नाही, आणि त्यांना दर हिवाळा गावी समुद्राजवळ काढायचा आहे. गेली पाच वर्षं ते त्याच एका गोष्टीची वाट बघत होते. तू ते पत्र मागितलंस तेव्हा गिरीश त्यांना म्हणाला, ‘बाबा, प्लीज, हे आत्ता साइन करू नका. इंटरव्ह्यू होऊ दे, मग हवं तेवढं लिहा.’ आमच्या वकिलांनीही तेच सांगितलं. बाबा म्हणाले, ‘त्या पोरीची मीटिंग माझ्या इंटरव्ह्यूसाठी थांबणार आहे का?’ आणि सही केली. तुला मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

बरं, ते पत्र सिटिझनशिपच्या ऑफिसपर्यंत कधी पोचलंच नसतं. पण इंटरव्ह्यूत त्यांना विचारलं, सरकारला कधी चुकीची माहिती दिली आहे का? आणि आमच्या महाराजांनी खिशातून त्या पत्राची कॉपी काढून ऑफिसरसमोर ठेवली! हात दाखवून अवलक्षण. आता अर्ज अडकला आहे. जन्माचा पुरावा आणा म्हणतात. दाखला नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या, वयानं मोठ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांच्यापेक्षा मोठं आता कोण आहे?

मी तुला दोष देत नाही. पण तुला माहीत असायला हवं असं मला वाटलं.

शुभावहिनी

•

ॲन आर्बर
९ एप्रिल २००५

काका,

आज शिकामू नाही. मी तुमच्यावर भयंकर रागावले आहे.

‘घरी सगळं ठीक’! ‘ऑफिसचं असेल’! मला सांगितलं असतंत तर मी तुमची सही मागितलीच नसती. बाकीच्यांच्या सह्या पुरल्या असत्या. मी उद्याच प्रोजेक्टला कळवते की तुमचं नाव आणि झेरॉक्स काढून टाका. वकिलांना सांगा, पत्र मागे घेतलं.

नीमाचं अजून काही आलेलं नाही. इकडे तेही नाही आणि तिकडे तुमचंही गेलं. मला जेवण जात नाही.

वल्लरी

•

पिस्कॅटवे
२० एप्रिल २००५

चि. वल्लरी,

मरहबा. तू म्हटलं नाहीस तरी मी म्हणणार, मोठा मी आहे.

नाव काढलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. त्या कागदावरची पहिली सही माझी आहे, आणि ती उपटलीस तर खालच्या सगळ्या लटकतील. मी काही तुझ्यावर उपकार केले नाहीत. त्या ऑफिसरनं मला नीट, सभ्यपणे विचारलं की कधी चुकीची माहिती दिली का. तिथे मी काय सांगायचं? आयुष्यभर पोरांना ‘खरं बोला’ म्हटलं. नाही म्हणालो असतो तर नीमा खरी आणि मी खोटा ठरलो असतो.

मला भीती वाटली नाही असं समजू नकोस. बाहेर गाडीत येऊन बसलो तेव्हा सीटबेल्टची खाच सापडेना. गिरीशनं वाकून तो लावून दिला. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. समुद्र डोळ्यांपुढे आला. तिथे आता जाता येईल की नाही कोण जाणे.

मोठं कुणी उरलेलं नाही. थोरली बहीण मनूताई होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या जन्माला हजर असलेला आता मी एकटाच, आणि माझी साक्ष चालत नाही. असो. जेव.

एकनाथकाका

•

ॲन आर्बर
१५ मे २००५

ती. स्व. काका,

शिकामू.

पत्र आलं! लेखी, कंपनीच्या कागदावर. नीमाचं नाव मोकळं झालं. प्रोफेसरांनीच त्यांना लिहिलं होतं, मला न सांगता. तुम्ही सगळे मोठे लोक न सांगता का करता सगळं? माझं प्रकरण मी परत दिलं आहे, आणि त्यावर माझ्या नावाशेजारी आता नीमाचं नाव आहे. ते प्रोफेसरांनी तसंच राहू दिलं. स्कॉलरशिपचं मात्र अजून काही सांगितलेलं नाही. बघू.

नीमाला फोनवर तुमची सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, ‘वय ठरवायला मोठा नातेवाईक कशाला हवा? मग मी इतकी वर्षं काय करते आहे? त्यांचा नंबर दे.’

एक जूनला घरीच थांबा, केक जरा उशिरा कापा.

तुमची
वल्लरी

•

पिस्कॅटवे
४ जून २००५

चि. वल्लरी,

मरहबा.

एक जूनला सकाळी फोन वाजला. पलीकडून आवाज आला, ‘शिकामू!’ मी ‘मरहबा’ म्हणालो, तर ती पोरगी इतकी हसली की फोन तोंडापासून लांब गेला असणार. मग एकदम मास्तरीण झाली. म्हणाली, मी विचारीन, तुम्ही घाई करू नका.

वल्लरी, मी चाळीस वर्षं पोरांची वयं ठरवली, पण असं कुणी ठरवलेलं बघितलं नव्हतं. तिनं तारीख विचारलीच नाही. विचारलं, तुमच्या जन्माच्या वेळी थोरली बहीण पाणी आणायला जायची का? मी म्हटलं, हो, आई सांगायची, कमरेवर लहान कळशी घेऊन जायची. कळशी केवढी? हातानं दाखवली, मग आठवलं की फोन आहे. म्हणाली, म्हणजे सात-आठ वर्षांची. मनूताईला पहिला मुलगा झाला तेव्हा तुम्ही शाळेत होतात का? तुमच्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मिसरूड फुटली होती का? मी म्हटलं, नुकतीच, आणि मी चोरून वडिलांचा वस्तरा वापरला होता. ही गोष्ट मी तुझ्या काकूलासुद्धा सांगितली नव्हती. मनूताईची कळशी इतक्या वर्षांत मला कुणी विचारली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते शुभानं बघितलं.

मग म्हणाली, शेवटचं. काम करता का, असं मी विचारत नाही. आज उठल्यापासून काय काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, निवृत्त आहे. ती म्हणाली, तरी सांगा. मग सांगायला लागलो: चार घरच्या पोरांना बसपर्यंत सोडलं, एकाच्या बुटाची नाडी बांधली, घरी येऊन भात लावला, दुपारी पोरांना परत आणायचं, त्यांना खायला द्यायचं, पाढे घ्यायचे. शुभा स्वयंपाकघरातून ओरडली, ‘बाबा, त्यांचे आईबाप तुमच्या जिवावर नोकऱ्या करतात, तेही सांगा!’ नीमा म्हणाली, ‘हे सगळं लिहिते आहे मी.’

फॅक्स गिरीशच्या ऑफिसात आला. त्यानं स्वतः घरी आणला, वाचून झालेला. वर गोल शिक्का, खाली सही. इंग्रजी साधं आहे, मी तुला मराठीत सांगतो: ‘या माणसाची मुलाखत मी घेतली. वय त्र्याहत्तरच्या आसपास, जन्म पावसाच्या शेवटाकडे, होड्या पाण्यात गेल्या त्या आठवड्यात. व्यवसाय: मुलांना सांभाळणे व शिकवणे. माणूस खरा आहे. नीमा, तपासनीस.’

गिरीशनं वकिलांना दाखवला. ते म्हणाले, असा पुरावा आजवर बघितला नाही, ऑफिस मानेल असं वाटत नाही. गिरीश त्यांना म्हणाला, ‘अर्जाला लावा. नाही मानला तर परत लावू.’ माझा गिरीश! अरुणराव केक खाता खाता म्हणाले, आता माझीही मुलाखत घ्यायला सांगा तिला. मीनाक्षीबाईंनी नंबर लावून ठेवला आहे. एकोणतीस जूनला आम्ही पुन्हा केक कापणार आहोत, त्यावर नीमाचं नाव असेल. केकवाली मुलगी विचारत होती, ही बाई कोण? अनिलभाऊ म्हणाले, आमची मास्तरीण.

आता त्या ऑफिसनं हो म्हणो की नाही म्हणो. समुद्राला जाणार मी, ग्रीन कार्डावर का होईना, थोडे दिवस का होईना. पण एक गोष्ट तुला सांगतो. माझं वय आजवर मास्तरांनी लिहिलं, पेन्शनवाल्यांनी लिहिलं, पासपोर्टवाल्यांनी लिहिलं. मला विचारून लिहिणारी ही पहिलीच.

एकनाथकाका